दमधरे सरांच्या दोन टाळ्या

दमधरे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव घराच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायला कोण जातंय? बाकावर बसून जन्मभर त्यांनी एकच ओरड केली, "दम धर! अगं ए, दम धर!" आणि पोरींनी त्या ओरडीचंच आडनाव करून टाकलं. पहिल्या वर्षाला आलेली एखादी भाबडी पोर ऑफिसात जाऊन विचारायची, "दमधरे सर कुठे बसतात हो?" कारकूनही चेहरा न हलवता सांगायचा, "जिमखान्याच्या मागे, बॉलच्या खोलीत. पण पळत जाऊ नकोस, त्यांना सोसत नाही."

कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे ते प्रशिक्षक. माणूस तिरसट. मान आखूड, भुवया दाट, आणि बघणं असं की समोरच्याला वाटावं आपण यांचं काहीतरी चोरलंय. तळहात मात्र बघण्यासारखे. फळीसारखे रुंद आणि टणक. त्यांनी टाळी वाजवली की जिमखान्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची.

ते हात विटांनी घडवलेले होते. बाप गवंडी. सर लहानपणी बापाच्या कामावर विटा झेलायला उभे असत. खाली एक जण, परांचीवर दुसरा, त्याच्या वर तिसरा, आणि वीट या हातातून त्या हातात चढत जायची. एकदा थोरल्या भावाने मस्ती केली. वरचा माणूस घाम पुसत होता, याने त्याच्याकडे न बघताच वीट भिरकावली. ती गेली तशी परत आली आणि खाली वाळू चाळणाऱ्या बाईच्या पायावर बसली. बाईचा अंगठा गेला. बापाने भावाला तुडवला आणि धाकट्याला दम भरला, "समोरचा हात उघडा दिसल्याशिवाय वीट सोडायची नाही. सोडलीस तर तुझाही अंगठा ठेचीन."

पुढे सर शिकले, खेळले, कॉलेजात नोकरीला लागले, पण डोक्यातली ती रांग काही मोडली नाही. त्यांच्या संघाचा खेळ म्हणजे तीच विटांची रांग, परांचीवरून उतरवून जमिनीवर आडवी केलेली. चेंडू चालत आणायचा. हिच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून पुन्हा हिच्याकडे. घड्याळ संपत आलं की रिंगखाली उभ्या असलेल्या सगळ्यात उंच पोरीच्या हातात तो पोचायचा आणि ती माठात पाणी ओतावं तसा तो अलगद आत सोडायची. मध्येच कुठे गडबड वाटली की बाकावरून दोन टाळ्या. ठप, ठप. दोन टाळ्या म्हणजे असाल तिथे थांबा, चेंडू छातीशी घ्या, पहिल्यापासून रचा.

बघणाऱ्यांचा जीव जायचा. एक पेन्शनर गृहस्थ तर सांगत, "डॉक्टरांच्या गोळीने येत नाही ती झोप मला दमधऱ्यांच्या सामन्याला येते." पण समोरचा संघ पिसाळायचा, चिडून अंगावर यायचा, फाउल करायचा, आणि शेवटी सरांच्या पोरी दोन-चार गुणांनी जिंकायच्या. प्राचार्यांच्या खोलीतलं काचेचं कपाट अशाच झोपाळू विजयांनी भरलेलं होतं.

मग खेळ फिरला. दुसऱ्या कॉलेजांच्या पोरी अर्धवर्तुळाच्या रेघेबाहेर, लांब उभ्या राहून शॉट मारायला लागल्या. तिथून पडलेल्या बास्केटला तीन गुण. सरांच्या पोरी घाम गाळून दोन कमवायच्या, त्या उभ्या उभ्या तीन घेऊन परत पळायच्या. सर म्हणायचे, "हा खेळ नाही, दगडफेक आहे." दगडफेक करणारे जिंकत गेले. सर पहिल्या फेरीत घरी येत गेले.

अशात कॉलेजने नवी प्रशिक्षक नेमली. सरांना केलं सहायक. आणि नवी प्रशिक्षक कोण, तर सरांची सून.

ही सून काही बाहेरून आलेली नव्हती. ती सरांच्याच संघातली पोर. अंगाने काटकुळी, जिभेने विळी. एका सामन्यात तिने रेघेबाहेरून, कुणाला न विचारता चेंडू मारला. तो रिंगला न शिवता आत गेला. जिमखाना उसळला. सरांनी तिला लगेच बाहेर काढलं.

"सर, गेला की आत!"

"आत गेला म्हणून काय झालं? कुणाचा हात होता तिथे?"

"तिथे हात कशाला पाहिजे? जाळी आहे ना!"

ते शेवटचं वर्ष तिने अख्खं बाकावर काढलं. अंगात संघाचा बनियन, पायात बूट, आणि बूड लाकडाला. दर सामन्यात ती सरांच्या शेजारी बसून त्यांना ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटायची, "इथून मारला असता." सर ऐकायचे आणि दात आवळायचे. त्यात तिने आणखी एक उद्योग केला. सरांचा मुलगा बापाचा डबा घेऊन जिमखान्यात यायचा. डबा देता देता तो तिच्या बोलण्यात आला तो कायमचाच. लग्न ठरलं तेव्हा सर बायकोला म्हणाले, "बाहेर काढली तर घरात घुसली."

घरात दोघांचं बोलणं म्हणजे मधल्या माणसाने अंग चोरून बसावं असं. ती त्यांना घरीसुद्धा "सर"च म्हणायची. सासूने एकदा सुचवलं, "बाबा म्हण की गं." ती म्हणाली, "म्हणेन. त्यांनी आधी मला खेळवायला हवं होतं." मुलाचं चष्म्याचं दुकान होतं. तो म्हणायचा, "मी जवळचं, लांबचं सगळं नीट करून देतो. पण या दोघांना एकमेकांसाठी लागणारी काच अजून निघायची आहे."

नेमणुकीच्या दिवशी प्राचार्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "या वर्षी तुम्ही दोघंही आहात. पुढच्या वर्षी जागा एकच राहील. आंतर-महाविद्यालयीन स्पर्धा होऊ दे, मग ठरवू कोण ते."

सर ताडकन म्हणाले, "ठरवायचं काय त्यात? ती परवा आलेली."

"आणि सर पहिल्या फेरीत घरी आलेले," सून म्हणाली.

प्राचार्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

त्या दिवसापासून सरांना एकच ध्यास लागला. तो बाक आपला आहे. त्यावरून आपल्याला कुणी उठवायचं नाही, आणि या पोरीने तर नाहीच.

सुनेने पहिल्या आठवड्यात सगळा संसार उलथापालथा केला. चेंडू हातात आला की पळायचं. समोरचे मागे परतायच्या आत मारायचं. पाचही जणी रेघेबाहेर पसरायच्या, रिंगखाली कुणीच नाही. उंच पोर, जिला सगळ्या शिडी म्हणायच्या, तिला तर सुनेने रिंगखालून ओढून काढलं आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला लावलं. शिडी बिचारी दोन वर्षं एका जागी उभी राहून खेळलेली. पहिल्या दिवशी ती धापा टाकत सरांपाशी येऊन बसली.

"सर, ताई मला मारून टाकणार."

"टाकू दे. शिडी ही टेकवायची वस्तू आहे, पळवायची नाही, एवढं जिला कळत नाही तिच्या हाताखाली मेलेलंच बरं."

ते "ताई" सरांच्या डोक्यात जायचं. त्यांना कुणी कधी दादा म्हटलं नव्हतं. चेंडू खेळवणारी बुटकी चपळ पोर होती, भिंगरी, ती तर सुनेच्या मागे वेडी झालेली. ती सरांच्या समोरून मुद्दाम न बघता पास द्यायची. मान एकीकडे, चेंडू दुसरीकडे.

"अगं बघून फेक!"

"सर, मी बघितलं तर समोरची पण बघते ना."

"आणि तिकडे कुणी नसलं तर?"

"असते. ताई म्हणते, तिने तिथे असायचंच."

"ताई म्हणते, ताई म्हणते. ताईचा पोपट झालीस."

"आधी तुमचं कासव होते, सर."

बाकीच्या फिदीफिदी हसल्या. सर बॉलच्या खोलीत गेले आणि एका फुगलेल्या चेंडूला उगाच पंप लावून बसले.

सुनेने सरांना काम दिलं होतं ते फक्त सकाळी पोरींचं अंग मोकळं करून घ्यायचं. पळवा, वाकवा, उड्या मारून घ्या. खेळाला हात लावायचा नाही. सर वरून म्हणाले, "बरं." आतून त्यांनी आपला डाव मांडला. पळता पळता पोरींना त्या दोन टाळ्यांवर थांबवायचं. ठप, ठप, की जागच्या जागी पुतळा. चेंडू छातीशी. जी हलेल तिला मैदानाला जादा चक्कर.

"हे कशाला सर? ताई तर थांबायला सांगतच नाही."

"घोट्यांना चांगलं असतं."

पोरींना ते पटलं की नाही देव जाणे, पण अंगाला लागलं. भिंगरीने कुरकुर केली, शिडीने मात्र मन लावून केलं. थांबणं हाच तिचा जुना धंदा. सरांचा हिशोब सरळ होता. स्पर्धेत या पळापळीचा पार बट्ट्याबोळ होणार. होत आला की आपण बाकावरून दोन टाळ्या द्यायच्या, पोरी थांबतील, रांग लागेल, खेळ ताळ्यावर येईल, आणि सगळं कॉलेज बघेल की नौका कोणी वाचवली.

त्यांनी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. म्हणाली, "अहो, आणि बट्ट्याबोळ नाहीच झाला तर?"

"होणार."

"पण नाही झाला तर?"

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी ताटं कुणी उचलायची त्या बाजूने आहे. दोघंही भांडत उठता आणि ताटं तशीच."

स्पर्धा सुरू झाली आणि बट्ट्याबोळ काही होईना. पहिला सामना पोरींनी चेचून घेतला. दुसऱ्यात समोरच्या पोरी शेवटी शेवटी गुडघ्यांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ते पेन्शनर गृहस्थ सरांना भेटून म्हणाले, "झोप मोडलीत हो आमची!" सर म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? तिला सांगा." घरी सून जेवताना नुसती गप्प बसायची, आणि ते गप्प बसणंच सरांना जास्त झोंबायचं. टोमणा मारला असता तर परतवता आला असता.

"जिंकलात म्हणे," एकदा न राहवून सरच बोलले.

"तुम्ही शेजारीच बसला होतात."

"मी बुटांच्या नाड्या बघत होतो. शिडीच्या सुटलेल्या असतात."

"बघा. तेवढं तरी तुमच्याकडे राहू दे."

अंतिम सामना पडला तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजशी, त्यांच्याच सभागृहात. लाकडी जमीन चकचकीत, चारही बाजूंना त्यांचीच माणसं. आपली म्हणावीत अशी दोन बाकडीसुद्धा भरली नव्हती. समोरच्या पोरीही पळणाऱ्याच, आणि या पोरींपेक्षा दोन वर्षं आधी शिकलेल्या. ह्यांनी मारलं की त्यांनी, त्यांनी मारलं की ह्यांनी.

तिसऱ्या सत्रात आपल्या पोरींचे शॉट चुकायला लागले. एक, दुसरा, आणखी एक. समोरचा संघ पुढे निघाला. हीच ती वेळ. सरांनी हात मांडीवरून उचलले. सून बाकाच्या कडेला उभी होती. तिने वळून त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. तिला सकाळच्या सरावातला सगळा प्रकार कधीच कळला होता, हे सरांना त्या बघण्यातून कळलं.

"वाजवून तर बघा," ती दातांतून म्हणाली.

सरांनी कान खाजवला. घाबरले म्हणून नव्हे. त्यांनी स्वतःला सांगितलं, अजून थोडं बुडू दे. पुरतं बुडाल्याशिवाय वाचवण्यात मजा नाही.

पण पोरी बुडाल्या नाहीत. चौथ्या सत्रात भिंगरीच्या अंगात आलं. अंतर कमी होत होत एका गुणावर आलं. सभागृहातला आरडाओरडा विझत गेला, कारण ओरडणारे सगळे तिकडचे होते आणि त्यांचे जीव टांगणीला लागले होते. सामना संपायला श्वासभर वेळ उरलेला. चेंडू समोरच्यांकडे.

भिंगरीने तो हिसकावला.

पुढचं सरांना हळूहळू दिसलं, जरी ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपलं. भिंगरीने मागे न बघता खांद्यावरून चेंडू कोपऱ्यात फेकला. कोपऱ्यात कुणी नव्हतं. चेंडू हवेत असतानाच तिकडून एक पोर धावत आली आणि जिथे काही नव्हतं तिथे हात उघडला. चेंडू त्या हातात बसला न बसला तोच पुढे गेला, आणि पुढे, मैदानाच्या मधून, सुसाट पळत येणाऱ्या शिडीचा हात उघडा. तीन हात, आणि चेंडू एकदाही जमिनीला शिवला नाही. ही रांगच होती. बापाच्या कामावरची रांग, फक्त तिला पाय फुटलेले. माणूस विटेपाशी उभा नव्हता, माणूस आणि वीट दोन्ही पळत होते आणि तरी अंगठा कुणाचा जात नव्हता.

सर कधी उठले ते त्यांना कळलं नाही. तोंड उघडं, डोळे लकाकलेले, जत्रेत पाळणा पहिल्यांदा बघणाऱ्या पोरासारखे. आणि त्यांच्या हातांनी त्यांना न विचारता टाळ्या वाजवल्या.

ठप. ठप.

तिसरी वाजायची होती. माणूस खूश झाला की दोनवर थोडाच थांबतो! पण त्या चिडीचूप सभागृहात त्या दोनच फळीवर हातोडा बसावा तशा वाजल्या, आणि रिंगखाली एकटी पोचलेली, समोर कुणी नाही, नुसता हात वर करायचा बाकी असलेली शिडी जागच्या जागी थांबली. चेंडू छातीशी. पुतळा.

"मार!" सून किंचाळली. "अगं मार!"

शिडीने दचकून हात वर केला तोवर समोरच्या दोघी तिच्यावर येऊन पोचल्या होत्या, आणि भोंगा वाजला. एका गुणाने सामना गेला.

समोरचं सभागृह फुटल्यासारखं ओरडायला लागलं. शिडी तिथेच खाली बसली. भिंगरी पळत बाकापाशी आली, तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मुद्दाम केलंत. सकाळी म्हणून थांबवत होतात आम्हाला. मुद्दाम केलंत!"

सरांचे हात अजून छातीसमोर तसेच होते, तिसऱ्या टाळीसाठी उघडलेले. ते त्यांनी खिशात घातले.

परतीच्या गाडीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी. पोरी मागे बसून त्यांना ऐकू जाईल असं बोलत होत्या. "सुनेवर जळतो म्हातारा." "घरचं भांडण आणि आमचं वाटोळं." "माझी आई असती तर याचे हात भट्टीत घातले असते." सून पुढे ड्रायव्हरमागे बसली होती. तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी दोघांना बोलावलं. त्यांचा चेहरा आंबलेला होता. चषक येणार म्हणून त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना आधीच शब्द देऊन ठेवला होता आणि आता अध्यक्ष त्यांचा जीव खात होते.

"मॅडम," ते सुनेला म्हणाले, "अध्यक्षांचं म्हणणं असं, की या पळापळीत पोरी ऐनवेळी गडबडतात. रिंगखाली एकटी असताना आपली खेळाडू थांबते म्हणजे काय? शिकवण्यातच काहीतरी खोट आहे."

"ती का थांबली हे सगळ्या सभागृहाने ऐकलंय," सून म्हणाली.

"हो, त्या टाळ्या. पोरी भलतंसलतं बोलताहेत. पण मी सरांना इतकी वर्षं ओळखतो." प्राचार्य सरांकडे वळले आणि त्यांचा आवाज लोण्यासारखा झाला. "सर, टाळ्या चुकून वाजल्या असतील. नाही का? माणूस आहे, वाजतात. पोरींना तेवढ्याने बावचळायला नको होतं. तुम्ही चुकून म्हणालात की विषय मिटला. मग पुढच्या वर्षी जुनंच चालू ठेवू. तुम्ही, तुमचा बाक, तुमची पद्धत."

बाक असा समोर आणून ठेवलेला. फक्त बूड टेकायचं होतं. आणि गंमत म्हणजे ते खरंही होतं. चुकूनच वाजल्या होत्या.

"हो," म्हणायला सरांनी तोंड उघडलं.

"चुकून म्हणजे कशा?" सुनेने मध्येच विचारलं. ती खुर्चीत वळून त्यांच्या डोळ्यांत बघत होती. "शेवटची चढाई चालली होती. तुमच्या पोरी रिंगपाशी पोचल्या होत्या. त्या क्षणी माणूस चुकून टाळ्या कशाला वाजवतो, सर?"

सरांनी उत्तर जिभेवर आणून बघितलं. आवडलं म्हणून. तुझा खेळ बघून भान गेलं म्हणून. ते त्यांच्या जिभेवर चुन्यासारखं पोळलं. हिच्यासमोर? जिला अख्खं वर्ष बाकावर बसवलं तिच्यासमोर? हे एकदा हिच्या कानात पडलं की मरेपर्यंत जेवताना हिच्या डोळ्यांत बघावं लागणार. बाक मिळेल, पण त्यावर बसून रोज मनात येणार, की हिला माहीत आहे.

"मुद्दाम वाजवल्या," सर म्हणाले.

प्राचार्यांच्या हातातलं पेन थांबलं. "सर, विचार करून बोला."

"करूनच बोलतोय. मुद्दाम वाजवल्या. मला ती पळापळ बघवत नव्हती. सकाळच्या सरावात थांबायची सवय लावली तीही मीच. झालं समाधान?"

यानंतर विचारण्यासारखं काही उरलं नाही. प्राचार्यांना ते उत्तर पटलं की नाही कोण जाणे, पण अध्यक्षांना सांगायला सोपं होतं. सरांना त्याच दिवशी संघातून मोकळं केलं. बॉलच्या खोलीची किल्ली त्यांनी टेबलावर टाकली ती घसरत जाऊन प्राचार्यांच्या मांडीवर पडली, आणि सरांनी माफीही मागितली नाही. सून राहिली.

संध्याकाळी मुलगा दुकानातून यायचा होता. सासू स्वयंपाकघरात. सर बाहेरच्या खोलीत पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. सून येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"खोटं बोललात."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी मैदानाकडे बघत नव्हते, सर. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही वाजवणार म्हणून शेवटपर्यंत तुमच्या हातांवरच डोळा ठेवून होते. तुमचे दात दिसत होते. इतक्या वर्षांत मी तुमचे दात पहिल्यांदा बघितले."

"शिंक येत होती."

"शिंक उभं राहून देतात?"

"मोठी असली तर."

"का नाही सांगितलंत? एक शब्द बोलला असतात तर बाक तुमचा होता."

"आणि तू कुठे गेली असतीस? पुन्हा माझ्या उरावर, घरात. त्यापेक्षा तू तिकडेच बरी."

ती संतापाने लाल झाली. "मला तुमचे उपकार नकोत. उद्या जाऊन खरं सांगते."

"सांग की." सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "सांग, सासरा चांगला आहे, त्याला माझा खेळ आवडला म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या. कोण ऐकतंय? म्हणतील, सासऱ्याला वाचवतेय. घरातल्या घरात मिटवून घेतलं. मग तुलाही काढतील. भिंगरी तर तुझ्या तोंडावर थुंकेल. जा, सांग."

ते खरं होतं. त्यांनी तिला असं काही देऊन ठेवलं होतं की परतही करता येत नव्हतं आणि ठेवूनही घेता येत नव्हतं. मारामारीत हरली असती तर तिला इतकं लागलं नसतं.

"तुम्ही फार वाईट माणूस आहात," ती म्हणाली.

"ते तुला बाकावरच कळायला हवं होतं."

"आवडला होता ना पण?"

सरांच्या भुवया खाली आल्या.

"तेवढं एक सांगा. मी कुणाला सांगणार नाही. आवडला होता की नाही?"

"त्या कोपऱ्यातल्या पोरीने," सर म्हणाले, "चेंडू एक पाऊल उशिरा घेतला. ती आणखी अलीकडून पळायला हवी. आणि शिडीला मधून आणतेस ती डाव्या अंगाने आण, तिचा उजवा हात मोकळा राहील."

"मी तुम्हाला विचारलं नाही."

"मी तुला सांगितलंही नाही. भिंतीशी बोलत होतो."

"भिंतीला मग असंही सांगा, की डावीकडून आणली तर समोरची तिला रेघेबाहेर ढकलते. मी करून बघितलंय."

"ढकलते कारण तू तिला सरळ पळवतेस! वाकडी पळव!"

"वाकडी पळवली तर उशीर होतो!"

"होऊ दे उशीर! जरा दम..."

सून कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. सरांनी बाकीचं वाक्य गिळलं आणि वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं, पुन्हा उलटंच. आतून सासूने ओरडून विचारलं, ताटं आज कोण घेणार आहे. दोघांपैकी कुणीही जागचं हललं नाही.